प्रोग्रामिंगचा गंधही नसताना गणित-संगणकशास्त्राला प्रवेश घेतला, तेव्हा

बारावीला मी गणितासोबत जीवशास्त्र ठेवलं होतं. बार्शीत आमच्या कॉलेजात बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांची तुकडीच वेगळी असायची, त्यामुळे कॉम्प्युटर लॅब मी दोन वर्षं फक्त खिडकीतून बघितली. घरी लॅपटॉप नव्हता. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा, म्हणजे सीएमआयचा फॉर्म भरला तो केवळ गणितासाठी. बीएस्सी ऑनर्सच्या त्या प्रवेश परीक्षेत गणिताशिवाय दुसरं काही विचारत नाहीत, आणि नुसती उत्तरं न मागता सिद्धताही लिहायला लावतात. मला ते मनापासून आवडलं होतं. निकाल लागला, घरात पेढे आले, आणि त्याच रात्री मी अभ्यासक्रम नीट वाचायला घेतला. पदवीचं नाव 'गणित आणि संगणकशास्त्र'. त्यातल्या दुसऱ्या शब्दाने माझं धाबं दणाणलं.

दरवर्षी कुणी ना कुणी मला हेच विचारतं: ताई, कोडिंग येत नाही, प्रवेश घेऊ का? म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. माझा अनुभव सीएमआयचा आहे. पण आयआयटी गोव्यासारख्या ठिकाणचा मॅथेमॅटिक्स अँड कम्प्युटिंगचा बीटेक असो की बंगळुरूच्या आयआयएस्सीत २०२२ साली सुरू झालेला, प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्स्डवरच होतो आणि त्या परीक्षेतही प्रोग्रामिंगचा एक प्रश्न नसतो. प्रोग्रामिंग येत असेल असं धरून तुम्हाला कुणी घेतलेलंच नसतं.

सीएमआय चेन्नईच्या दक्षिणेला सिरुसेरीत आहे, आयटी पार्कच्या आत. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतली मुलगी शाळेपासून सी++ ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलेली निघाली. तिच्या वहीत एक ओळ दिसली: क्ष = क्ष + १. माझ्या डोळ्यांना ते धडधडीत चूक वाटलं. दोन्ही बाजूंतून क्ष वजा केला तर शून्य बरोबर एक! तिने समजावलं की क्ष हा एक डबा आहे, त्यात जे आहे त्यात एक मिळवायचा आणि पुन्हा त्याच डब्यात ठेवायचं. मला कळलं, पण पोटात गोळा आला. एवढी साधी गोष्ट सगळ्यांना येते आणि मला येत नाही, मग पुढचं कसं होणार?

मग प्रोग्रामिंगचा तास सुरू झाला आणि चित्र पालटलं. सीएमआयमध्ये पहिल्या सत्रात हस्केल शिकवतात. हस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाच्या नावावरून नाव पडलेली ही भाषा आहे, आणि तिच्यात तो डबाच नाही. तिथे 'बरोबर' म्हणजे गणितातलंच बरोबर: डावीकडे व्याख्या करायची गोष्ट, उजवीकडे तिचा अर्थ. क्ष = क्ष + १ लिहिलंत तर क्ष काढायला आधी क्ष हवा, तो काढायला पुन्हा क्ष, आणि संगणक उत्तर न देता फिरतच बसतो. त्या दिवशी सी++वाली माझी मैत्रीणही अडली, कारण तिची जन्माची सवय असलेलं फॉर लूप, म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी रचना, इथे नव्हतं. मला मात्र काहीच सोडायचं नव्हतं.

यादीतल्या संख्यांची बेरीज कशी करायची? दोन ओळींत. रिकाम्या यादीची बेरीज शून्य. रिकामी नसलेल्या यादीची बेरीज म्हणजे पहिला घटक अधिक उरलेल्या यादीची बेरीज. संपलं. ही दुसरी ओळ मी फळ्यावर बघितली आणि अकरावीतलं गणिती विगमन डोळ्यांसमोर उभं राहिलं. एकसाठी खरं, क साठी खरं धरून क अधिक एकसाठी दाखवायचं, तेच हे. हा प्रोग्राम बरोबर आहे हे सिद्ध करायलाही विगमनच लागतं. मी वर्गात बसल्या बसल्या ती सिद्धता वहीत लिहून काढली आणि त्या क्षणी माझी अर्धी भीती गेली.

उरलेली अर्धी भीती खरी होती.

कारण कल्पना कळणं वेगळं आणि हात बसणं वेगळं. लॅबमधल्या काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये सेव्ह झाली ते शोधायचं, ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा एका घराने कमी पडली म्हणून अख्खा प्रोग्राम नाकारला जायचा. जे इतरांनी दहावीत कधीतरी नकळत शिकून घेतलं होतं, ते मी अठराव्या वर्षी एकेक करत शिकत होते. तुम्हाला खरोखर काही कमी पडणार असेल तर ते हेच. बुद्धी नव्हे, सराव. पण तो आपोआप होत नाही. त्यासाठी रोज अर्धा तास यंत्रासमोर बसावंच लागतं.

मी केलेली चूक सांगते. ॲनालिसिसचा आणि बीजगणिताचा गृहपाठ आला की मी त्यात रमायचे, कारण तो ओळखीचा प्रदेश होता, आणि प्रोग्रामिंगची असाइनमेंट शेवटच्या रात्रीवर ढकलायचे. गणिताचं उदाहरण एका बैठकीत डोकं खपवून सुटू शकतं. प्रोग्राम तसा सुटत नाही, कारण त्यातल्या चार चुका एकामागे एक दडलेल्या असतात आणि पहिली काढल्याशिवाय दुसरी दिसत नाही. दुसऱ्या असाइनमेंटला पहाटे चारपर्यंत बसूनही माझं काम अर्धवटच गेलं. त्यानंतर असाइनमेंट मिळाली की त्याच संध्याकाळी निदान रिकामी फाइल तरी उघडायची आणि पहिली व्याख्या लिहायची, असा मी नेम केला. चुकांची एक वेगळी वही घातली: पडद्यावर आलेला एररचा मजकूर डावीकडे, त्याचं खरं कारण उजवीकडे. महिन्याभरात कळलं की माझ्या बहुतेक चुका पाच-सहाच प्रकारच्या आहेत. आणि मैत्रिणीचं कोड वाचून 'समजलं' म्हणणं पूर्ण थांबवलं. वाचलेलं समजतंच. कोऱ्या पडद्यावर लिहिता येतं का, ते बघायचं.

गणित इथे कसं कामाला येतं, ते एका संध्याकाळी लख्ख दिसलं. फिबोनाची संख्यांची व्याख्या पुस्तकातल्यासारखी जशीच्या तशी लिहिली: मागच्या दोन संख्यांची बेरीज. दहावी संख्या झटक्यात आली, तिसावीला जरा वेळ लागला, चाळिसावी मागितली आणि यंत्र बसूनच राहिलं. मला वाटलं काहीतरी बिघडलं. मग कागद घेतला आणि एक संख्या काढताना ती व्याख्या स्वतःला किती वेळा हाक मारते, म्हणजे किती वेळा वापरली जाते, ते मोजायला लागले. शून्यासाठी एक, एकासाठी एक, दोनासाठी तीन, तिनासाठी पाच, चारासाठी नऊ. हा आकडा पुढच्या फिबोनाची संख्येच्या दुपटीपेक्षा एकने कमी असतो, हे दिसलं आणि विगमनाने सिद्धही झालं. म्हणजे चाळिसासाठी ३३,११,६०,२८१ हाका. तेहतीस कोटी! बिघडलेलं काहीच नव्हतं, माझीच व्याख्या तेच तेच पुन्हा मोजत होती. मागच्या दोन्ही संख्या सोबत घेऊन पुढे जाणारी व्याख्या लिहिली, तर तेच उत्तर चाळीसेक पावलांत आलं. पुढे अल्गोरिदमच्या विषयात जे शिकायचं असतं त्याचं बीज या एका संध्याकाळी हाती लागलं, आणि ते मला कुठल्याही सी++च्या क्लासने दिलं नसतं.

दुसऱ्या सत्रात पायथन आलं आणि 'बरोबर' या चिन्हाने पुन्हा परीक्षा घेतली. अ नावाची यादी होती, ब = अ असं लिहिलं, मग ब मध्ये एक संख्या घातली. बघते तर अ सुद्धा बदललेली. मी तासभर चूक शोधत होते. इथे यादीची नक्कल झालेलीच नव्हती, एकाच यादीला दोन नावं पडली होती. घरात एकाच मुलाला आई 'बाळा' म्हणते आणि शाळेत त्याचं नाव वेगळं असतं, तसं. हस्केलमध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे एकदा ठरलेली गोष्ट बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक नवीन भाषेत मी सगळ्यात आधी हेच विचारते की इथे 'बरोबर' म्हणजे नक्की काय.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. पहिल्या वर्षी मला जास्त रडवलं ते गणिताने. बारावीचं कॅल्क्युलस म्हणजे सूत्रं आणि गणितं. इथे 'मर्यादा' या शब्दाचीच व्याख्या एप्सिलॉन-डेल्टाने करून प्रत्येक विधान मुळापासून सिद्ध करायचं. वर्गातल्या सगळ्यांनाच ते नवीन होतं, कोडिंग येणाऱ्यांनाही. तेव्हा सगळी काळजी प्रोग्रामिंगवर खर्च करू नका. प्रवेशाआधीच्या दोन महिन्यांत तीन भाषांचे क्लास लावण्यापेक्षा सिद्धता शब्दांत नीट लिहायचा सराव करा, तो दोन्ही विषयांत उपयोगी पडतो.

आणि थोडं प्रोग्रामिंग करायचंच असेल, तर सीएमआयच्याच माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांची हस्केलवरची व्याख्यानं एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमावर फुकट बघता येतात. पायथनवरही मुकुंद यांचा कोर्स आहे. लॅपटॉप नसला तरी अडत नाही, सुरुवातीचे धडे वही-पेन्सिलीवर होतात. हे एक करून बघा. यादी उलटी करायची व्याख्या दोन ओळींत लिहा: रिकामी यादी उलटी केली तर रिकामीच, आणि एरवी उरलेली यादी उलटी करून तिच्या शेवटी पहिला घटक जोडायचा. शेवटी जोडायला प्रत्येक वेळी डावीकडची अख्खी यादी ओलांडावी लागते, हे लक्षात ठेवून १०,००० घटकांच्या यादीला किती पावलं लागतील ते मोजा. उत्तर पाच कोटींच्या आसपास यायला हवं. मग हेच काम दहा हजार पावलांच्या आसपास होईल अशी व्याख्या शोधा. एक जास्तीची यादी सोबत घेऊन चाला, एवढीच खूण देते.