इंटर्नना अटॅक्सिया शिकवताना

माझ्याकडे दर बॅचला फिजिओथेरपीचे चार-पाच इंटर्न येतात. लकवा, गुडघा, कंबर यांत त्यांचा हात बसलेला असतो. अटॅक्सिया, म्हणजे तोल आणि हालचालींचा ताळमेळ बिघडणं, मात्र बहुतेकांनी परीक्षेपुरताच वाचलेला असतो. असा पेशंट झोकांड्या खात दारातून आत आला की मुलं एकतर धावत जाऊन त्याचा दंड गच्च धरतात, नाहीतर पायाला वजनं बांधून ताकदीचे व्यायाम सुरू करतात. या दोन सवयी सुटल्या की निम्मं काम झालं, असं माझं मत आहे.

पहिल्या दिवशी मी त्यांना हात पाठीमागे बांधून उभं करते, अगदी शब्दशः. पेशंट बाकावरून उठतो, चालतो, वळतो, बसतो, अर्धा ग्लास पाणी पितो. इंटर्नने फक्त बघायचं आणि साध्या मराठीत लिहायचं: ‘पाय फाकवून चालतात’, ‘वळताना आधी थांबतात’, ‘ग्लास ओठांजवळ आला की हात जास्त हलतो’. पुस्तकी शब्द दुसऱ्या दिवशी. पहिल्याच दिवशी ते शब्द दिले की मुलं बघणं थांबवतात.

मग पेशंटच्या मांडीची ताकद तपासायला सांगते. ती चांगली निघते आणि मुलं गोंधळतात. इथेच समजवायचं, की लहान मेंदू हालचालीचं माप आणि वेळ सांभाळतो. स्नायू ठीक असले तरी कुठे थांबायचं ते चुकतं. पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून गॉर्डन होम्स यांनी हेच बारकाईने नोंदवलं होतं.

वजनांबद्दल माझीच चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका शिंपीकाकांच्या मनगटाला मी वजनाचा पट्टा बांधला. कंप लगेच कमी झाला, काका खूश, मीही खूश. अर्ध्या तासाने पट्टा सोडला, चहा आला, आणि त्यांनी उचललेला कप थेट छातीवर सांडला. पट्टा काढल्यावर हात आधीपेक्षा जास्त उडत होता. तो भाजलेला डाग मला अजून दिसतो. मनगटावरचं वजन काही जणांना जेवण्यापुरतं उपयोगी पडतं, पण तो उपचार नव्हे. त्यापेक्षा कोपर टेबलावर टेकवायला, कप अर्धाच भरायला आणि दोन्ही हातांनी धरायला शिकवा.

दुसऱ्या आठवड्यात एक प्रश्न पक्का करून घ्या: ‘तोंड धुताना तोल जातो का?’ डोळे मिटून बेसिनवर वाकलं की पुढे पडायला होत असेल, तर पायांकडून येणारी जाणीव कमी झालेली असू शकते. तिथे बी-१२ची कमतरता, मधुमेह यांचा विचार हवा. लहान मेंदूचा त्रास असलेला माणूस डोळे उघडे असतानाही डुलतोच. फ्रीडरायख अटॅक्सिया या आनुवंशिक प्रकारात हे दोन्ही त्रास असतात, शिवाय हृदयाचे स्नायूही बिघडू शकतात. त्यामुळे ईसीजी आणि इको बघितल्याशिवाय दमवणारा व्यायाम द्यायचा नाही. आणि काही तासांत अचानक तोल गेला, सोबत उलट्या, डोकेदुखी किंवा एकाचे दोन दिसणं असेल, तर तो पेशंट प्लिंथवर, म्हणजे व्यायामाच्या खाटेवर, घ्यायचाच नाही, तातडीने इमर्जन्सीत पाठवायचा.

मोजमापासाठी आम्ही ‘सारा’ ही मोजपट्टी वापरतो. चालणं, उभं राहणं, बसणं, बोलणं, हातांच्या तीन चाचण्या आणि टाच-नडगी (एका पायाची टाच दुसऱ्या नडगीवरून सरकवणं) अशा आठ बाबी, एकूण ४० गुण. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. दोन इंटर्नना एकाच पेशंटचे गुण वेगवेगळे मांडायला लावा, आपसात बोलू देऊ नका. फरक पडला की दोघांनी पुन्हा एकत्र बघायचं. माझ्या व्याख्यानापेक्षा या भांडणातून ती जास्त शिकतात.

आता हात कुठे ठेवायचे ते. याला मी सर्वांत जास्त वेळ देते. पेशंटच्या कमरेला गेट बेल्ट (चालवताना धरायचा पट्टा), इंटर्न एका बाजूला आणि अर्धं पाऊल मागे, एक हात पट्ट्याखाली सैल, दुसरा खांद्यापुढे, अंगाला न लावता. पेशंट डुलला की मनात ‘एक’ म्हणायचं. तेवढ्यात त्याने स्वतः पाऊल टाकून सावरलं तर काही करायचं नाही. नाही सावरलं तर पट्टा धरायचा. गच्च धरून चालवलेला माणूस आपल्या हाताच्या भरवशावर चालतो आणि घरी गेल्यावर पडतो. आधी हा सराव इंटर्ननी एकमेकांवर करायचा: एकाने फोमवर डोळे मिटून उभं राहायचं, दुसऱ्याने आधी गच्च धरायचं, मग सैल. अटॅक्सिया म्हणजे काय ते त्यातून कळणार नाही, पण पकडलेल्या माणसाला कसं वाटतं ते कळतं.

व्यायाम अवघड हवा. अमेरिकेत २०१४ साली घरच्या घरी करायच्या तोलाच्या व्यायामांवर एक अभ्यास झाला. त्यात किती वेळ केला यापेक्षा तोलाला किती आव्हान दिलं, यावर चालण्यातली सुधारणा अवलंबून होती. जर्मनीतल्या २००९च्या अभ्यासात चार आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर असा क्रम होता: आधी उभ्याचा तोल, मग चालता-वळतानाचा, मग सगळ्या अंगाच्या हालचाली, आणि पडता पडता सावरणं. मी याच क्रमाने जाते. शेवटी गादीवर बसायचं, कुशीवर वळायचं, गुडघ्यावर यायचं, खुर्ची धरून उठायचं. जमिनीवरून उठता येतं म्हटलं की पेशंट घराबाहेर पडायला कमी घाबरतो.

बोलण्याबद्दल एकच नियम कडकपणे पाळायला लावते. पेशंटचं वाक्य पुरं होईपर्यंत गप्प. शब्द जड येतात म्हणून बुद्धी कमी नसते. मुलं पटकन बायकोकडे वळून ‘काकांना काय होतं?’ विचारतात. तिथल्या तिथे थांबवा. पाणी पिताना ठसका लागतो का हेही विचारा आणि लागत असेल तर स्पीच थेरपिस्टकडे पाठवा.

अटॅक्सियाचे काही प्रकार आनुवंशिक असतात, पण घरात आणखी कोणाला आहे का, हा प्रश्न एकांतात विचारायचा. एकदा माझ्या इंटर्नने तो भरल्या खोलीत विचारला. पेशंट काकांची लग्न ठरलेली मुलगी शेजारीच उभी होती. ती एकदम खाली बघायला लागली, आणि काकांनी त्या दिवशी पुढे एकही व्यायाम केला नाही. काही प्रकारांत मुलांना आजार येण्याची शक्यता निम्मी असते. ते सांगायचं काम जनुकीय समुपदेशकाचं आहे, आपलं नाही.

पाचव्या आठवड्यात घरभेट. मोरीचा उंबरा, ओली फरशी, रात्री संडासला जाण्याची वाट, चपलांचा ढीग. हलका, उचलून पुढे ठेवायचा वॉकर हाताला कंप असलेल्याला उलट पाडू शकतो. चाकांचा, जरा जड वॉकर आधी वापरून बघा. एका रिक्षावाल्या काकांनी आम्हाला सांगितलं, की गल्लीतली माणसं ‘सकाळी सकाळी पिऊन आलाय’ म्हणतात, म्हणून ते दूधसुद्धा आणायला जात नाहीत. इंटर्नने त्यांच्यासोबत बसून एक कार्ड लिहिलं: ‘मी प्यायलेलो नाही. मला तोलाचा आजार आहे. थोडा वेळ द्या.’ ते खिशात ठेवून काका दुसऱ्या दिवशी डेअरीपर्यंत गेले. इंटर्न अर्धं पाऊल मागे होती.

सहाव्या आठवड्यात पेशंटला सोडू नका. जपानमध्ये २०१२ साली ४२ जणांना चार आठवडे रोज व्यायाम दिला. फायदा झाला, पण पुढच्या काही महिन्यांत तो हळूहळू ओसरला. म्हणून प्रत्येक इंटर्नकडे एक पेशंट कायमचा देते. महिन्यातून एक फोन, तीन प्रश्न: किती वेळा पडलात, कुठे पडलात, पडलात तेव्हा काय करत होता. उत्तर वहीत लिहायचं आणि त्यावरून पुढच्या महिन्याचा एकच व्यायाम बदलायचा. इंटर्नशिप संपली की वही पुढच्या बॅचच्या हातात जाते, आणि नवा इंटर्न पहिला फोन जुन्याच्या शेजारी बसून करतो.