बुलेटला साईडकार जोडलीय? मग या चुका तरी करू नका

दोन-तीन महिन्यांतून एकदा कोणीतरी नवीन साईडकार घेऊन माझ्या दारात उभा राहतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "काका, हँडल डावीकडं ओढतंय, बेअरिंग गेलं असणार." बेअरिंग नवंकोरं असतं. मी चहा ठेवतो आणि परत तेच पुराण सुरू. आता वय झालं, दरवेळी तोंडाची वाफ घालवायची ताकद नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

सगळ्यात आधी, साईडकार लागली की तुमची मोटरसायकल संपली. दहा वर्षं बुलेट चालवलीय हा अनुभव इथं उपयोगाला तर येत नाहीच, उलट नडतो. आपल्याकडं साईडकार डाव्या हाताला असते, त्या हिशोबानं सांगतो: रेस दिली की साईडकार मागं रेंगाळते आणि गाडी डावीकडं ओढते, ब्रेक दाबला की तिचं वजन पुढं रेटतं आणि गाडी उजवीकडं जाते. थोडं ओढणं हा फॉल्ट नाही, ती तशीच चालते.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. रिकामी साईडकार घेऊन डाव्या वळणावर जोरात जाणं. डावीकडं वळताना सगळं वजन उजवीकडं फेकलं जातं, साईडकार हलकी होते आणि तिचं चाक हवेत. आणि दुचाकीवर आपण डावीकडं वळताना नकळत हँडलची डावी बाजू पुढं ढकलत असतो, त्यानं गाडी झुकते आणि वळते. आयुष्यभर करतो पण कुणाला विचारलं तर सांगता येत नाही. साईडकारवाली गाडी झुकतच नाही, तिथं डावी बाजू ढकलली की गाडी सरळ उजवीकडं जाते, समोरच्याच्या लेनमध्ये.

आमच्याच गल्लीतला एक पोरगा, हात चांगला, बुलेटवर लडाख करून आलेला. साईडकार जोडल्यावर त्याला सांगितलं होतं, पहिला महिनाभर आत चाळीस किलो वाळू ठेव, घाटात जाऊ नको. दुसऱ्याच रविवारी हा पन्हाळ्याला. वर फोटो काढायचे होते, फोटोत पोती दिसायला नकोत, म्हणून वाळू घरी. चढताना काही झालं नाही कारण वेगच नव्हता. उतरताना एका डाव्या वळणावर चाक उचललं, साईडकार कोपराला लागेल एवढी वर आली म्हणे. घाबरून त्यानं तीन गोष्टी एकदम केल्या: पुढचा ब्रेक आवळला, अंग उजवीकडं टाकलं आणि सवयीनं डावी बाजू ढकलली. ब्रेकनं गाडी उजवीकडं, हँडलनं उजवीकडं, आणि अंग उजवीकडं टाकल्यानं साईडकार अजूनच हलकी. समोरून वडापची जीप. जीपवाल्यानं ब्रेक मारला म्हणून, नाहीतर मी हे वेगळ्या शब्दांत लिहिलं असतं. गाडी पलीकडच्या गटारात, नशीब त्या बाजूला डोंगर होता. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, वाकला, पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि दवाखान्यात मला पहिलं काय विचारतोय, तर "काका, फोर्क सरळ होईल का?"

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. वाळूची दोन पोती, वीस-वीस किलोची, साईडकारच्या तळाला चाकाजवळ पट्ट्यानं घट्ट बांधायची, नुसती ठेवली तर वळणावर घसरतात. मग सकाळी सहाला मोकळं ग्राऊंड गाठायचं आणि दुसऱ्या गिअरमध्ये डावीकडं गोल फिरत राहायचं, हळूहळू वेग वाढवत, चाक उचलेपर्यंत. उचललं की रेस सावकाश कमी, हँडल किंचित उजवीकडं सोडायचं, चाक आपोआप खाली. हे वीस-तीस वेळा नाही, कंटाळा येईपर्यंत करा, मग एक पोतं काढा आणि परत पहिल्यापासून. रस्त्यावर मात्र डाव्या वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, बूड डावीकडं सरकवायचं, वळणात ब्रेक शोधायचा नाही. व्हिडिओ बघून हे येत नाही. आणि तोपर्यंत बायको-पोरांना आत बसवायचं नाही, पोरं कितीही रडली तरी.

उजव्या वळणावर गाडी जमिनीला चिकटून राहते म्हणून तिथं लोक माजतात. तिथंही अति केलं तर मागचं चाक उचलतं आणि साईडकारचं नाक खाली जातं.

दुसरी चूक अलाइनमेंटची, म्हणजे चाकं एका मापात जुळवण्याची, आणि इथं मला फॅब्रिकेशनवाल्यांचाही राग येतो. एकानं मला गाडी आणून दाखवली, साईडकार स्कूटरची, भंगारातून घेतलेली, चारऐवजी तीनच जोड, बोल्ट साधे, आणि "डोळ्यानं सरळ लावलीय." डोळ्यानं दरवाजा लावतात. साईडकारचं चाक बाईकला अगदी समांतर नसतं, पुढच्या बाजूला थोडं आत असतं, मी पंधरा ते वीस मिलिमीटर ठेवतो. दोन सरळ बॉक्स पाईप घ्या, एक बाईकच्या दोन्ही चाकांना टेकवून, एक साईडकारच्या चाकाला, आणि दोघांमधलं अंतर पुढच्या चाकाच्या पुढं आणि मागच्या चाकाच्या मागं मोजा. पुढचं तेवढंच कमी पाहिजे. जास्त आत घेतलं तर टायर महिन्यात खरवडून निघतो. मग बाईक स्वतः उजवीकडं एक-दोन अंश कललेली हवी, कारण आपला रस्ता डाव्या कडेला उतरता असतो, तो गाडीला तिकडंच नेतो. गवंड्याचा ओळंबा वापरा, झकास काम होतं. साईडकारचा ॲक्सल मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढं, दीडशे ते अडीचशे मिलिमीटर. आणि हे सगळं टायरमध्ये हवा बरोबर भरून, तुम्ही स्वतः गाडीवर बसून. मोजायला दुसरा माणूस घ्या. रिकाम्या गाडीची मापं रिकाम्या गाडीला लागू, तुम्ही बसलात की सगळं बदलतं.

एवढं करूनही गाडी डावीकडंच ओढत असेल तर आधी कललेपणा बघा, मग आतलं माप. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही. बोल्ट हाय टेन्साईलच, म्हणजे जास्त ताण सोसणारे, आणि शंभर किलोमीटर झाले की सगळे परत आवळायचे.

वीस-तीसच्या वेगाला हँडल थडथडतंय? ते बऱ्याच गाड्यांना होतं. स्टिअरिंग डँपर लावा, हँडलचे झटके तो खातो.

सिग्नलला पाय खाली टाकायचा नाही. तीन चाकं आहेत, पडत नाही. डावा पाय बाईक आणि साईडकारच्या मधे अडकला तर घोटा गेला.

खड्डा चुकवताना दोन चाकं चुकवली आणि तिसरं त्यातच, हे सगळ्यांचं होतं. रुंदी अंगवळणी पडायला वेळ लागतो, तोवर दोन एसट्यांच्या मधून घुसायचं नाही.

इंजिन चढाला दमतंय म्हणून क्लच जाळत बसू नका, पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, एक दात कमीचं लावा.

उतारावर भिंतीकडं तोंड करून पार्क करू नका, रिव्हर्स गिअर नाही, ढकलताना आई आठवते. गाडी लावताना पहिला गिअर टाका आणि चाकाला दगड.

कागदाचं म्हणाल तर बदल आरसी बुकात चढवून घ्या, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे त्यासाठी. आरटीओत खेटे पडतील, पडू देत. क्लेमच्या वेळी विमावाला पहिलं तेच बघतो.

आणि बुलेटची चेन डावीकडं असते, म्हणजे नेमकी साईडकारच्या आड. दिसत नाही म्हणून कोणी तेल घालत नाही. परवा एकाची बघितली, लालभडक गंज. त्याला आडवा झोपवून स्वतःच्या हातानं तेल घालायला लावलं, शर्ट पांढरा होता बिचाऱ्याचा.