ताण दिला, पण बघायचं कधी?

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी हृदयपेशींवरचा प्रोजेक्ट घेतला तेव्हा काम सोपं वाटलं होतं. मोठ्या उंदराच्या (रॅटच्या) हृदयातून आलेल्या एच९सी२ पेशी वाढवायच्या, मीडियात (पेशी वाढतात त्या पोषक द्रवात) फेनिलेफ्रिन हे पेशींना ताण देणारं औषध घालायचं आणि कोणते जीन चढले, म्हणजे जास्त जोरात चालू झाले, ते मोजायचं.

मागची गोष्ट थोडक्यात अशी: रक्तदाब सतत जास्त राहिला की हृदयपेशी जाड होतात आणि गर्भात जोरात चालणारे, जन्मानंतर मंदावलेले जीन पुन्हा जागे होतात. एएनपी, बीएनपी या हृदयातल्या हार्मोन्सचे जीन ही त्यातली ओळखीची नावं. हार्ट फेल्युअरच्या संशयावरून डॉक्टर रक्तात जे बीएनपी तपासायला सांगतात, ते हेच. पेशीत कॅल्शियम वाढलं की कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम एनफॅट या प्रथिनावरचे फॉस्फेट काढतं, एनफॅट केंद्रकात शिरतं आणि गाटा-४ या दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीने हे जीन चालू करतं.

मी तासाभराने मोजलं. एएनपी ढिम्म! लॅबमधल्या सीनियर ताई म्हणाल्या, "अगं, सी-फॉससारखा झटपट जागा होणारा जीन अर्ध्या तासात चढतो आणि लगेच उतरतोही. एएनपीला एक दिवस तरी दे." दिला. तरीही फरक नाही, कारण मीडियात दहा टक्के सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) तसंच होतं. त्यातल्या ग्रोथ फॅक्टर्सनी (वाढीचा इशारा देणाऱ्या प्रथिनांनी) कंट्रोलच्या, म्हणजे ताण न दिलेल्या पेशीही आधीच चेतवलेल्या. आता मी आदल्या रात्री सीरम कमी करते.

खरा फटका पुढे बसला. ऑक्सिजन कमी करून बघितलं तर माझे सगळे जीन खाली गेलेले. आठवडाभर मी त्यावर थिअरी रचत होते. दोष गॅपडीएच नावाच्या जीनचा होता. तुलनेसाठी 'स्थिर' म्हणून घेतलेला हा जीन ऑक्सिजन घटला की एचआयएफ-१ या प्रथिनामुळे स्वतःच चढतो, म्हणून त्याच्या तुलनेत बाकीचे खाली दिसले. (२०१९ चं वैद्यकाचं नोबेल ज्या शोधाला मिळालं, त्यातलंच हे एचआयएफ; परीक्षेत मी त्यावर छान टीप लिहिली होती!) म्हणून तुलनेचे निदान दोन-तीन रेफरन्स जीन आधी तुमच्याच परिस्थितीत तपासा.

पेशी पुण्यात गणेशखिंडीतल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या भांडारातून मागवता येतात. पहिल्याच आठवड्यात पेशींच्या काही व्हायल (छोट्या कुप्या) गोठवून ठेवा. पेपर वाचताना प्राणी कोणता ते बघा. मोठ्या उंदराच्या हृदयात ताणाखाली मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनाचा अल्फा प्रकार घटून बीटा वाढतं, माणसाच्या जवनिकेत (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) मात्र मुळातच बीटा जास्त असतं.

आणि ४८ तासांचा प्रयोग सोमवारी सुरू करा. मी शुक्रवारी संध्याकाळी केला होता. रविवारी घरी पुरणपोळी होती आणि मी लॅबमध्ये जीन मोजण्यासाठी पेशींतून आरएनए काढत होते.