आवाज कानाला टोचतोय? स्पीकर उघडण्याआधी या चुका टाळा

गाण्यातले 'स' आणि 'श' सुईसारखे लागतात, अभंगातले टाळ चिरकतात, अर्ध्या तासात डोकं जड होतं. असं झालं की पहिला राग स्पीकरवर निघतो आणि तिथेच पहिली चूक होते. आवाज हळू ठेवा, स्पीकरपासून ३ फुटांवर उभं राहून ऐका, मग नेहमीच्या जागी बसून तेच गाणं ऐका. जवळून गोड आणि लांबून कर्कश वाटलं, तर दोष खोलीचा. जवळूनही टोचत असेल, तर तेच गाणं हेडफोनवर ऐका. तिथेही टोचलं तर बहुधा रेकॉर्डिंगच तसं आहे.

सोलापुरातल्या घरात बहुतेक वेळा खोलीच गुन्हेगार निघते. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी किंवा टाइल्स, एका भिंतीला लोखंडी कपाट, दुसरीला काचेचं शोकेस. टाळी वाजवून बघा: मागे 'झर्र' असा आवाज राहिला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकतायत.

उपाय घरातच आहे, सोलापुरी चादर. पण ती भिंतीला खिळे ठोकून ताणून लावू नका. कापड आवाज शोषतं ते त्याच्यातून हवा हलते म्हणून, आणि भिंतीला चिकटून हवा हलतच नाही. १००० हर्ट्झच्या आवाजाच्या एका लहरीची लांबी सुमारे ३४ सेंटीमीटर; हवा सर्वात जास्त हलते ती भिंतीपासून तिच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे साडेआठ सेंटीमीटरवर. म्हणून पडद्याचा रॉड भिंतीपासून ८ ते १० सेंटीमीटर पुढे बसवा आणि ४ फूट जागेत ८ फूट कापड चुण्या घालून सोडा. जागा आरशाने शोधा: तुम्ही नेहमीच्या जागी बसा, घरातल्या कुणालातरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. ज्या ठिकाणी आरशात ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाज काढणारा छोटा भाग) दिसेल, तिथे चादर. स्पीकर आणि बैठकीच्या मधे जाड सतरंजी. अंड्यांच्या ट्रेवर पैसे घालवू नका, त्याने जवळजवळ काहीच शोषलं जात नाही.

मात्र चारही भिंती झाकणं ही उलटी चूक. वरचा, बारीक आवाज मरतो, खालची घुमघुम तशीच राहते.

स्पीकरचं तोंड थेट कानांकडे असेल, तर थोडं बाहेर वळवा. ट्वीटरचा सर्वात वरचा आवाज समोरच्या रेषेतच जोरात असतो. १५-२० अंशांनी तो सौम्य होतो. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली नाही ना, तेही बघा. तसं असेल तर बास पातळ होतो आणि उरलेलं सगळं भडक वाटतं. फक्त मोठ्या आवाजावर चिरकत असेल, तर अॅम्प्लिफायरची ताकद संपतेय. आवाज लगेच कमी करा, नाहीतर ट्वीटर जळेल.

एवढं करूनही टोचलं, तरच सोल्डरिंग. ट्वीटरला नुसता एकच रेझिस्टर ओळीत लावू नका. क्रॉसओव्हरला, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगळा करून वाटणाऱ्या सर्किटला, दिसणारा रोध (ओहम) बदलतो आणि आवाजाची वाटणी सरकते. ८ ओहमच्या ट्वीटरसाठी क्रॉसओव्हरनंतर प्लसच्या वायरमध्ये २.२ ओहम, आणि त्यापुढे ट्वीटरच्याच दोन टोकांवर आडवा २२ ओहम. दोन्ही १० वॅटचे सिमेंट रेझिस्टर. ट्वीटर सुमारे ३ डेसिबलने खाली येतो, क्रॉसओव्हरला मात्र ८ ओहमच दिसतात. रेझिस्टर तापतात, म्हणून ते डब्यातल्या कापसापासून आणि वायरच्या आवरणापासून दूर ठेवा. बदल दोन्ही स्पीकरमध्ये सारखाच करा.