वर्ष संपताना वर्ग आवरणं: कुठला कागद गेनिझात, कुठला रद्दीत

इस्राएलमधल्या सरकारी धार्मिक ज्यू प्राथमिक शाळा 30 जूनला बंद होतात. त्याआधी वर्ग आवरताना खरी अडचण असते कागदांची. देवाचं हिब्रू नाव असलेला कागद फाडत नाहीत, जाळत नाहीत, रद्दीत घालत नाहीत. तो गेनिझात, म्हणजे असे कागद जपण्याच्या ठरलेल्या जागी, साठवतात आणि पुढे ज्यू दफनभूमीत पुरतात. अशा कागदांना शेमोत म्हणतात.

शेवटच्या दिवशी घाई झाली की सगळं एकाच पेटीत कोंबलं जातं. मग गेनिझा गणिताच्या वह्यांनी भरतो आणि जीर्ण सिद्दुरांना, म्हणजे प्रार्थनापुस्तकांना, जागा उरत नाही. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये हिब्रू अक्षरांतलं जवळपास सगळंच जपलं जाई, म्हणून मुलांनी गिरवलेली मुळाक्षरंसुद्धा आज आपल्याला पाहायला मिळतात. पण ते हाताने लिहिण्याचे दिवस होते. रोज झेरॉक्स काढणाऱ्या शाळेला निवड करावीच लागते.

दोन आठवडे आधी प्रत्येक वर्गात तीन खोकी ठेवा.

पहिलं शेमोतचं. सिद्दुर आणि हुमाशची (तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, असलेल्या छापील पुस्तकाची) सुटी पानं, जेवणानंतरच्या प्रार्थनेची कार्डं, मुलांनी लिहिलेले आशीर्वाद यात येतात. देवाची न पुसण्याची नावं सात मानली जातात, पण वर्कशीटवर नजर टाकायची जागा एकच: आशीर्वादाच्या सुरुवातीच्या ‘बारूख अता’ (‘तू धन्य आहेस’) या शब्दांच्या लगेच पुढे काय आहे? पूर्ण नाव असेल तर कागद इथेच. नावाऐवजी दोन ‘योद’ (एक हिब्रू अक्षर) छापले असतील तरी इथेच टाका, वाद नको. नुसतं ‘हे’ नावाचं हिब्रू अक्षर आणि त्यापुढे खूण असेल तर तो दुसऱ्या खोक्यात.

दुसऱ्या खोक्यात नाव नसलेला, पण तोराचा अभ्यास असलेला मजकूर: मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहावरचे प्रश्न, मध्ययुगीन भाष्यकार राशी यांच्या भाष्यावरची चाचणी. याबाबत मतं वेगळी आहेत. काही जण हेही पुरायला सांगतात, तर काही जण दोन पिशव्यांत गुंडाळून टाकायची मुभा देतात. शाळेच्या रब्बींना (धर्मगुरूंना) आधीच विचारा आणि उत्तर खोक्यावर लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक शिक्षक आपला नियम लावतो.

बाकी सगळं तिसऱ्यात, म्हणजे रद्दीत: व्याकरण, मुळाक्षरं, सूचनापत्रं. केवळ हिब्रू लिपी आहे म्हणून कागद शेमोत होत नाही. भाषांतरातल्या नावालाही बहुतेक धर्मशास्त्री तोच दर्जा देत नाहीत. पुण्यात 1874 साली हिब्रू-मराठी हग्गादा (पेसाख सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) छापली गेली. तशा पुस्तकाचं सुटं पान गेनिझात जातं ते हिब्रू नावामुळे, मराठीतल्या ‘परमेश्वरा’मुळे नव्हे.

वेळ खातात ती मुलांची चित्रं. पावावरचा आशीर्वाद वाकड्यातिकड्या अक्षरांत, भोवती चमकी, वरून लॅमिनेशन! फाइल, क्लिप, स्पायरल काढा, पण लॅमिनेशन ओरबाडू नका. नाव फाटण्यापेक्षा प्लास्टिकसकट ठेवलेलं बरं. वहीत चारच पानांवर नाव असेल तर तेवढी पानं शिलाईपासून अलगद सोडवा. नाव तेवढं कात्रीने कापून काढू नका.

80 जीएसएमचे 500 ए-फोर कागद अडीच किलो भरतात. पंचवीस मुलांचे प्रत्येकी शंभर कागद म्हणजे साडेबारा किलो. एका खोक्यात याहून जास्त भरलं की तळ निसटतो आणि पवित्र पानं जमिनीवर येतात. खाऊचे कागद आत राहिले तर उंदीर लागतात. खोकी जमिनीला न टेकवता कोरड्या फळीवर ठेवा. पुरण्याचा दिवस दफनभूमीच्या व्यवस्थापकांशी आधीच ठरवा.

तेफिलिनचे (प्रार्थनेवेळी हाताला आणि डोक्याला बांधायच्या, आत पवित्र वचनं असलेल्या डब्यांचे) पट्टे आणि पिशव्या गेनिझातच. झिजलेल्या त्सीत्सीतला (वस्त्राच्या कोपऱ्यांना बांधलेल्या धाग्यांना) ती सक्ती नाही, पण ओल्या कचऱ्यात फेकू नका, वेगळे गुंडाळा. कपाटात पुस्तकं रचताना हुमाश सर्वांत वर, त्यावर दुसरं काही नाही.

फळ्यावर नाव लिहूच नका, कारण मग पुसता येत नाही. पडद्यावरच्या अक्षरांना बहुतेकांची हरकत नाही.

सुट्टीतच पुढच्या वर्षाच्या वर्कशीट उघडून पूर्ण नावांच्या जागी ‘हे’ आणि खूण घाला. प्रार्थना शिकवायची असेल तेव्हा झेरॉक्स न काढता मुलांच्या हातात सिद्दुर द्या.