जुनं बेस पेडल घेताय की विकताय? या चुका टाळा

परभणीत बेस गिटार वाजवणाऱ्याला पेडल (पायाने चालू-बंद करायची, आवाज बदलणारी डबी) हातात घेऊन, वाजवून बघावं असं दुकान सापडत नाही. संभाजीनगरला गेलं तरी काचेमागे गिटारची पेडलं दिसतात, बेसची क्वचित. त्यामुळे आपला बहुतेक व्यवहार जुन्या मालाचा, आणि तोही फोनवरून. पुण्याचा कुणी विकतो, लातूरचा कुणी घेतो, मधे ट्रॅव्हल्सचं पार्सल नाहीतर देवगिरी एक्स्प्रेसने येणारा ओळखीतला माणूस. ऑर्केस्ट्रात वाजवायला लागल्यापासून मी अशी वीसेक पेडलं घेतली आणि जवळपास तेवढीच विकली. त्यात जे पैसे गेले ते बहुतेक एकाच कारणाने गेले: पेडल मंडपात ज्या हालतीत वाजणार आहे, त्या हालतीत ते आधी कुणी तपासलंच नव्हतं. ना विकणाऱ्याने, ना मी.

गिटारवर काढलेला व्हिडिओ पाहून पैसे पाठवणं

ही सगळ्यात जास्त घडणारी चूक. विकणारा गिटार लावतो, दोन-चार पॉवर कॉर्ड (दोन-तीन सुरांचे जोड) ठोकतो आणि म्हणतो, "आवाज येऊलालाय की भाऊ, अजून काय पाहिजे?" आवाज येतो हे खरं, पण आपला आवाज त्याच्या कितीतरी खाली असतो. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते. बेसची ई तार ४१ वर, म्हणजे पूर्ण एक सप्तक खाली. पाच तारांच्या बेसची बी तार तर ३१ च्या आसपास. ट्यूब स्क्रीमरच्या जातीची ओव्हरड्राइव्ह (आवाज फोडणारी) पेडलं सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग मुद्दामच कमी ओढतात. गिटारला त्याने धार येते, पण बेसला लावलं की तळ निघून जातो. घरी एकट्याने वाजवताना ते छान कुरकुरीत वाटतं. ढोलकी आणि ऑक्टापॅड सुरू झाले की बेस गायब होतो.

म्हणून विकणाऱ्याकडे व्हिडिओ बेसवरच मागा. मोकळी ई तार छेडून पाच सेकंद तशीच वाजू द्यायची, आधी पेडल बंद ठेवून, मग चालू करून. आणि तो व्हिडिओ इअरफोन लावून ऐका, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडतच नाहीत. पेडल चालू केल्यावर तळ गेला, तर त्यावर ब्लेंड नावाचा नॉब आहे का ते विचारा. मूळ स्वच्छ आवाज आणि फुटलेला आवाज हव्या त्या प्रमाणात मिसळणारा तो नॉब असला, की गिटारचं पेडलही बेसवर चालून जातं.

याच्या उलटही घडतं. चांगलं पेडल "खराब आहे" म्हणून परत येतं. अॅनालॉग ऑक्टेव्ह पेडल, बॉसच्या ओसी-२ सारखं, एक-दोन सप्तकं खालचे सूर जोडणारं, ई तारेच्या पहिल्या-दुसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) थरथरतं, अडखळतं. तो त्याच्या सर्किटचा स्वभाव आहे. तार खाली गेली की त्याला सूर नीट पकडता येत नाही. पाचव्या पडद्यापासून वर वाजवून बघा, तिथे ते स्थिर असेल तर पेडल ठीक आहे. एन्व्हलप फिल्टरचं असंच; तार जोरात छेडली की तो 'वॉव' असा आवाज काढतो. अॅक्टिव्ह बेसचा (ज्यात बॅटरीवर चालणारं सर्किट असतं) जोर जास्त असतो, तो लावला की फिल्टर सतत उघडाच राहतो आणि 'वॉव' ऐकू येत नाही. सेन्सिटिव्हिटीचा नॉब खाली आणला की चालतं. विकताना या गोष्टी घेणाऱ्याला आधीच सांगितल्या तर पुढचे दहा फोन वाचतात.

हाताला लागेल तो अडॅप्टर खुपसणं

सेलूजवळच्या एका लग्नात माझ्या पेडलची बॅटरी उतरली. कीबोर्डवाल्याच्या पेटीत त्याचा यामाहाचा जास्तीचा अडॅप्टर होता, १२ व्होल्टचा. पिन बसली. पेडलचा दिवा एकदा लुकलुकला आणि गेला, पाठोपाठ जळक्या वार्निशसारखा वास आला. त्या रात्री मी थेट मिक्सरमध्ये वायर घालून वाजवलं. दुसऱ्या दिवशी तळाचे चार स्क्रू काढले, तर बोर्डाच्या कोपऱ्यात, अडॅप्टरच्या जॅकला लागूनच, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा लांबट असा एक काळा डायोड, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, मधोमध तडकलेला होता. भोवतीचा हिरवा बोर्ड तपकिरी पडला होता.

झालं काय, तर बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतात आणि त्यांच्या पिनचा मधला भाग ऋण असतो, बाहेरची कडा धन. कीबोर्डचे, वायफाय राउटरचे, सेट टॉप बॉक्सचे अडॅप्टर बहुधा याच्या उलट असतात, मधे धन. पिन मात्र सारखीच दिसते. उलटी वीज आली की तो डायोड ती स्वतःवर घेतो आणि मरतो, म्हणजे पुढचं सर्किट वाचतं. माझ्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी दहा मिनिटांत नवा डायोड टाकून दिला, आणि ते पेडल आजही वाजतंय. सगळ्यांचं नशीब असं नसतं. काही पेडलांत तो डायोड नसतोच, मग थेट चिप जाते.

बहुतेक अडॅप्टरवर आणि पेडलच्या जॅकजवळ एक छोटी आकृती छापलेली असते: मधे टिंब, भोवती अर्धगोल, आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणेची चिन्हं. घेण्याआधी त्या आकृतीचा जवळून काढलेला फोटो मागवा. विकत असाल तर न मागता पाठवा.

सगळंच ९ व्होल्टवर चालतं असंही नाही. बॉसच्या काही जुन्या पेडलांवर 'एसीए' लिहिलेलं असतं. ती १२ व्होल्टच्या जुन्या पद्धतीच्या अडॅप्टरसाठी केलेली आहेत. त्यांना आजचा ९ व्होल्टचा अडॅप्टर दिला की दिवा मंद लागतो, आवाज मरगळतो, आणि घेणारा समजतो आपल्याला फसवलं. डिजिटेकच्या चौथ्या पिढीच्या व्हॅमीला (सूर वर-खाली सरकवणारं पेडल) ९ व्होल्टच लागतात, पण एसी. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बेस मायक्रो सिंथला २४ व्होल्ट. असलं पेडल मूळ अडॅप्टरशिवाय मिळत असेल तर त्या अडॅप्टरची किंमत भावातून वजा करा. तो आपल्याकडच्या बाजारात सहज मिळणारा नाही.

मिलीअँपिअरकडे, म्हणजे अडॅप्टर किती प्रवाह देऊ शकतो त्याकडे, तर कुणी बघतच नाही. साध्या ओव्हरड्राइव्हला पाच-दहा पुरतात, पण झूमच्या काही बेस मल्टी इफेक्टला (एकाच डबीत अनेक पेडलं) कंपनीचा ५०० चा अडॅप्टर लागतो. १०० चा लावला की स्क्रीन लागतो, विझतो, पुन्हा लागतो. एका मुलाने असंच एक झूम 'बिघडलेलं' म्हणून निम्म्याहून कमी भावात माझ्या मित्राला दिलं. मित्राने स्वतःचा अडॅप्टर लावला आणि ते पहिल्या झटक्यात सुरू झालं. विकणाऱ्या मुलाचं वाईट वाटलं, कारण दोष त्याच्या अडॅप्टरचा होता आणि तो त्याला कुणी सांगितला नव्हता.

गुणगुण ऐकली की पेडलला दोष देणं

आपल्या विजेची कंपनं ५० हर्ट्झची. ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी सूर ४९ हर्ट्झचा. विजेची गुणगुण बेसच्या अगदी पोटातच येऊन बसते, ती यामुळे. गिटारवाल्याला खालचा भाग कापून सुटका करून घेता येते. आपण कापला तर बेसच उरत नाही.

पण ती गुणगुण पेडलमधून येतेच असं नाही. तपासणी सोपी आहे: अडॅप्टर काढा आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर तेच पेडल वाजवा. गुणगुण गेली तर अडॅप्टर वाईट. बाजारातल्या स्वस्त अडॅप्टरवर ९ लिहिलेलं असतं आणि मल्टीमीटर लावला की भार नसताना बारा-तेरा दाखवतो. त्यातली वीज गाळलेलीही नसते. बॅटरीवरही गुणगुण राहिली तर वायर बदला, मग जागा बदला. मंडपात जनरेटरवरून आलेल्या बोर्डाला अर्थिंग नसणं हे आपल्याकडे रोजचंच आहे. तिथे कितीही महाग पेडल गुणगुणणार. त्यावर उपाय म्हणून कुणी प्लगची अर्थची पिन तोडायला सांगितली तर ऐकू नका. हात तारांवर आणि ओठ माइकला असतात, त्यात जीव जाऊ शकतो. डीआय (बेस थेट मिक्सरला जोडायची सोय) असलेल्या पेडलवर बहुधा ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, दोन अर्थ एकमेकांत अडकून येणारी गुणगुण त्याने जाते.

डीआयवरून आठवलं. आपल्याकडच्या कार्यक्रमांत स्टेजवर बेसचा अॅम्प्लिफायर क्वचितच असतो, बेस सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जातो. म्हणून सॅन्सअॅम्प बेस ड्रायव्हरसारखी, तीन पिनांचा एक्सएलआर जॅक असलेली पेडलं इथे लगेच विकली जातात. घेताना मात्र लोक फक्त साधा जॅक तपासतात. एक्सएलआर नक्की तपासा. आणि 'फँटमवर (मिक्सरकडून वायरीतून येणाऱ्या विजेवर) चालतं' असं सांगितलं असेल तर मिक्सरचे ४८ व्होल्ट चालू करून, बॅटरी काढून, खरंच चालतं का ते बघा.

प्लॅटफॉर्मवर नुसतं बघून घेणं

पेडल घेऊन येणाऱ्याला मी स्टेशनवरच गाठतो, पण पिशवीत सामान असतं: बेस, दोन वायरी, नवी ९ व्होल्टची बॅटरी आणि हेडफोनचा छोटा अॅम्प. बाकावर बसून पाच मिनिटांत बरंच कळतं. इनपुट बहुतेक पेडलांना उजवीकडे असतं, घाईत उलट लावून "मेलंय" म्हणणारे मी पाहिलेत. फूटस्विच वीस वेळा दाबायचा, एकदाही चुकता कामा नये. जॅकमध्ये वायर हलवायची, आवाज तुटला तर सोल्डर सुटलेलं आहे किंवा जॅक सैल झालाय. प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचा. नॉब फिरवतानाच खरखर झाली तर ती बहुतेक धूळ असते. आपल्या भागातली उन्हाळ्याची धूळ पॉटमध्ये, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या भागात, जातेच. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब पंचवीस-तीस वेळा फिरवला की जाते. फवारूनही खरखर तशीच राहिली, तर कुठलातरी कपॅसिटर गळून डीसी वीज पॉटवर येत असण्याची शक्यता मोठी. ते काम दुरुस्तीवाल्याचं, आणि भाव त्या हिशोबाने.

मग उलटं करून तळ बघा. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर पेडल उघडलेलं आहे. उघडणं म्हणजे दोष नव्हे, पण का उघडलं ते विचारा आणि उत्तर देताना माणूस अडखळतो का ते बघा. बॅटरीचा कप्पा उघडा. पांढरी-हिरवी पूड दिसली तर बॅटरी गळलेली आहे. क्लिप बदलता येते, पण ती पूड बोर्डापर्यंत पोहोचली असेल तर सोडून द्या.

विकताना

मी विकणाऱ्याला जेवढा छळतो तेवढंच विकताना स्वतः देतो: तळाचा फोटो, अडॅप्टरची आकृती, बेसवरचा व्हिडिओ, आणि असलेला दोष पहिल्याच संदेशात. तळाचं मूळ रबर काढून वेल्क्रो चिकटवलेलं असेल तर ते सांगा. रबर जपून ठेवलं असेल तर सोबत द्या, त्याने भाव टिकतो. एप्रिल-मे महिन्यात वेल्क्रोचा डिंक वितळून चिकट राप बसतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच फोटो काढा. मल्टी इफेक्ट असेल तर फॅक्टरी रिसेट करून द्या.

भावाचं माझं गणित साधं आहे. चांगल्या हालतीतलं, खोक्यासकट असेल तर आजच्या नव्या किमतीच्या साठ-पासष्ट टक्के. आपण घेतलं तेव्हाची किंमत धरू नका, दुकानातला आजचा भाव धरा. सर्किटमध्ये फेरफार केलेलं असेल तर भाव चढत नाही, उतरतो, मग तुम्ही त्यावर कितीही खर्च केलेला असो.

पाठवण्याआधी बॅटरी काढा. बहुतेक पेडलांत इनपुटला वायर असली तरच बॅटरी चालू होते, म्हणून लोक ती आतच ठेवून देतात आणि ती वाटेत किंवा कपाटात गळते. एका भावाने जालन्याहून मला पेडल बिस्किटाच्या पुड्याच्या खोक्यात पाठवलं होतं, वर फक्त एक वर्तमानपत्र. मधल्या नॉबचा दांडा वाकून आला. नॉबवर दाब येतो हे लक्षात ठेवून त्यांच्या उंचीएवढे थर्माकोलचे तुकडे दोन्ही बाजूंना द्या, मग बबल रॅप, मग खोक्यात खोकं.

पैशाच्या बाबतीत एकच गोष्ट पक्की धरा: पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. "मी सैन्यात आहे, हा कोड स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेच्या अॅपमध्ये रक्कम दिसल्यावरच पार्सल द्या. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर तक्रार तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

अनोळखी माणसाशी व्यवहार असेल तर मी आधी थोडा विसार देतो-घेतो आणि तीन दिवसांची मुदत लिहून घेतो, साध्या व्हॉट्सअॅप संदेशात. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ एका दमात, न थांबवता काढायचा, त्याच बैठकीत बॅटरीवर ई तार वाजवायची आणि तो व्हिडिओ समोरच्याला पाठवायचा. तीन दिवसांत एक तरी कार्यक्रम नाहीतर सराव येईल अशा बेतानेच मी पार्सल मागवतो.