परतीच्या पावसानंतर घटपर्णी: कोकणातल्या घरात तिला हिवाळा कसा काढू द्यावा

हस्ताचा पाऊस सरला की पडवीत टांगलेल्या घटपर्णीचे, म्हणजे पानांच्या टोकाला कीटक पकडणारे घट धरणाऱ्या झाडाचे, दिवस बदलतात. जून ते सप्टेंबर तिला इथे फारसे काही करावे लागत नाही. बोर्निओ, सुमात्रा, मलाया, फिलिपिन्स इथल्या सखल भागांतल्या जातींना हवी असलेली उष्ण, दमट हवा कोकणची किनारपट्टी फुकट देते. ऑक्टोबरच्या मध्यापासून मात्र दुपारचे ऊन चटकते, आभाळ कोरडे होते आणि दिवाळीच्या सुमारास डोंगराकडून मतलई वारे वाहू लागतात. नवीन घट काळे पडून गळतात ते याच काळात. म्हणून झाड घरात घेण्याची तयारी पाऊस पूर्ण थांबण्याआधी करावी.

घटपर्णीबद्दलचा बहुतेक सल्ला थंड देशांतल्या लोकांसाठी लिहिलेला असतो. त्यात बंद काचपेटी, हीटर आणि चोवीस तास धुके हा मुख्य मजकूर. कोकणात त्याची नक्कल केली तर झाड हमखास कुजते. आपल्याकडे उष्णतेचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो आठ महिने पुरेल अशा क्षारविरहित पाण्याचा, सकाळच्या कोरड्या वाऱ्याचा आणि घराच्या आतल्या अंधाराचा.

पाणी आत्ताच भरून ठेवा

घटपर्णी निकृष्ट, क्षार नसलेल्या जागेत वाढणारी वनस्पती आहे. मातीतून पुरेसे नत्र मिळत नाही म्हणून ती कीटक पकडते. आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, पावसाळ्यात उगवणाऱ्या दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती हेच करतात, त्याच कारणासाठी. अशा मुळांना क्षारांची सवय नसते. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ५० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आत असावा. ५० ते १०० चालते, पण मग महिन्यातून एकदा कुंडीच्या आकाराच्या तिप्पट पावसाचे पाणी वरून ओतून माध्यम, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरलेले मिश्रण, धुवावे लागते. १५० च्या वरचे पाणी वापरूच नये. खिशात मावणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. या छंदात पहिली खरेदी झाडाची नव्हे, त्याची करावी.

हिशोब असा. पाच इंची कुंडीला हिवाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी साधारण २०० मिली पाणी लागते. दहा कुंड्यांना दिवसाला पाऊण ते एक लिटर. ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढच्या मृगापर्यंत २४० दिवस धरले तर २०० लिटरचे एक पिंप संपते. धुण्या-फवारण्यासाठी दुसरे पिंप धरा. १० चौरस मीटर कौलांवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की २५० लिटर पाणी पन्हळीतून येते. म्हणजे परतीच्या पावसाच्या दोन चांगल्या सरी पुरेत. या दिवसांत छप्पर धुतलेले असते, तरी सर सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे पाणी सोडून द्यावे. समुद्रालगतच्या घरांत तर नक्कीच, कारण खाऱ्या वाऱ्याचे मीठ कौलांवर बसलेले असते. सिमेंटच्या नव्या गच्चीवरचे पाणी घेऊ नये, त्यात चुना उतरतो. पिंप सावलीत ठेवा आणि तोंडावर दाट सुती कापड घट्ट बांधा. उघड्या पिंपात डास झाले तर घटपर्णी ते खाऊन संपवील अशी अपेक्षा ठेवू नये.

पाऊस साठवता आला नाही तर? जांभ्यातल्या विहिरींचे पाणी बहुधा हलके असते, मीटरने तपासून वापरता येते. पण खाडीकाठच्या आणि किनाऱ्याजवळच्या विहिरी फेब्रुवारी-मार्चपासून मचूळ होऊ लागतात. दिवाळीत चाललेले पाणी शिमग्याला चालेलच असे नाही, म्हणून दर महिन्याला मोजा. घरच्या आरओ यंत्रात चव येण्यासाठी खनिजे मिसळण्याची सोय असेल तर त्याचेही पाणी मोजूनच द्या. एसीतून गळणारे पाणी चालते, फक्त यंत्र धुतल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवसांचे टाकून द्यावे. पाणी उकळल्याने सगळे क्षार जात नाहीत, उरलेले उलट घट्ट होतात.

क्षार साचल्याची खूण ओळखायला शिका. कुंडीच्या कडेवर आणि माध्यमावर पांढरी खपली येते, पाने टोकाकडून तपकिरी होतात, प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा लहान निघते. हे दिसल्यावर खत देणे म्हणजे आगीत तेल.

पाणी सकाळी, वरून द्यावे. बशीत पाणी भरून कुंडी त्यात बसवू नये. ती पद्धत माशीफास आणि सारासेनिया या दुसऱ्या कीटकभक्षी वनस्पतींची. घटपर्णीच्या मुळांना ओल हवी तशी हवाही हवी. बोटाच्या पहिल्या पेराइतके माध्यम कोरडे वाटले की पाणी, नाहीतर नाही.

उजेड जिथून येतो तिथूनच कोरडा वारा येतो

कोकणातल्या घरात घटपर्णीसाठी सर्वांत चांगली खिडकी पूर्वेची. कोवळे ऊन नऊ-दहापर्यंत मिळते, नंतर नुसता उजेड. पण मतलई वारा सह्याद्रीकडून, म्हणजे पूर्वेकडूनच येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळी दहाच्या सुमारास, खारा वारा सुरू होण्याआधी, खोलीतली आर्द्रता सर्वांत खाली गेलेली आढळते. दुपारी समुद्राकडून वारा फिरला की ती पुन्हा चढते. ज्याच्याकडे आर्द्रतामापक आहे त्याने तो संध्याकाळी नव्हे, या वेळी पाहावा. ६० ते ८० टक्के उत्तम. रोज काही तास ५० च्या खाली जात असेल तर घट धरणार नाहीत.

याचे कारण समजून घेतले तर उपाय आपोआप सुचतो. पानाच्या टोकातून निघालेल्या ताण्याच्या शेवटी आधी वाटाण्याएवढी कळी येते. ती फुगून झाकण उघडायला काही आठवडे लागतात. या मधल्या काळात हवा फार कोरडी झाली की कळी सुकून काळी पडते. त्या पानाला दुसरा घट कधीच येत नाही, पुढच्या पानाची वाट पाहावी लागते. उघडलेल्या घटाचे कामही ओलीवरच चालते. त्याची कडा ओली असेल तेव्हाच घसरडी होते, कोरड्या कडेवरून मुंगी सहज चालून जाते.

म्हणून डिसेंबर-जानेवारीत पूर्वेच्या खिडकीची काच दुपारी बारापर्यंत बंद ठेवा. काच नसेल तर गजांना कुंडीच्या उंचीच्या वर एक हातापर्यंत पारदर्शक प्लास्टिक ताणून लावा. उजेड येतो, वारा अडतो. एवढ्यानेच अर्धे काम होते. कुंड्या सुट्या न ठेवता एकत्र ठेवा. खाली पसरट ट्रे, ट्रेमध्ये दोन बोटे पाणी आणि त्यावर प्लास्टिकची जाळी उलटी घालून कुंड्या ठेवा, कुंडीचा तळ पाण्याला लागता कामा नये. ट्रेचे पाणी दर चार दिवसांनी ओतून टाकून बदला, नाहीतर डास होतात. हाताने फवारा मारल्याने आर्द्रता दहा-पंधरा मिनिटे वाढते, तेवढीच. ह्युमिडिफायर लावायचा असेल तर त्यातही पावसाचेच पाणी घाला. नळाच्या पाण्यातले क्षार पांढऱ्या धुळीसारखे पानांवर बसतात.

काचपेटी फक्त रोपांसाठी आणि फांदीकलमांसाठी. दोन फुटी जुनी माशांची टाकी चांगली. तळाशी जाळी, जाळीखाली एक-दोन सेंटिमीटर पाणी, वर ॲक्रिलिकचे झाकण आणि त्याला दोन बोटांची फट. शिंपले किंवा समुद्राची वाळू तळाला घालू नका, चुना आणि मीठ दोन्ही येते. संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा झाकणावर बसवून हळू चालू ठेवा. हवा हलली नाही तर पानांच्या बगलेत राखाडी बुरशी धरते आणि शेंडा मऊ होऊन हातात येतो. झाकलेल्या पेटीवर थेट ऊन कधीही पडू देऊ नका. अर्ध्या तासात आतली रोपे उकडून निघतात.

मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची खिडकीही हिवाळ्यात कामाला येते, मात्र ५० टक्के शेडनेटचा एक पदर लावून. पश्चिमेचे दुपारचे ऊन टाळावे. ऑक्टोबरमध्ये तिथे पाने करपतातच.

खिडकी नसेल, किंवा माडांच्या गर्द सावलीने घर अंधारलेले असेल, तर चार फुटी २० वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या शेजारी शेजारी, पानांपासून २० ते २५ सेंटिमीटर वर लावा. ६५०० केल्विनचा साधा पांढरा प्रकाश पुरतो, जांभळे दिवे घेण्याची गरज नाही. टायमरवर रोज १२ तास. मोबाईलच्या लक्समीटरवर पानाजवळ ८ ते १२ हजार लक्स दिसायला हवेत. घरात बसून वाचायला भरपूर वाटणारा उजेड तिथे काही शे लक्सच भरतो, हे एकदा मोजून बघाच. पानेही सांगतात. गडद हिरवी, लांब, लोंबती पाने आणि घट नाहीत, म्हणजे उजेड कमी. पाने आखूड, ताठ, लालसर आणि घट भरपूर, म्हणजे जागा जमली. पानावर पांढुरके-तपकिरी चट्टे म्हणजे ऊन जास्त. जागा बदलायची तर एकदम बदलू नका, आठ-दहा दिवसांत सरकवत न्या.

थंडीची चिंता किनाऱ्यावर फारशी नाही. दापोलीसारख्या उंचावरच्या ठिकाणी पारा १५ च्या खाली उतरला तर रात्रीपुरते झाड खिडकीपासून आत माजघरात घ्यावे. वाढ मंदावेल, झाड मरणार नाही.

माध्यम

तांबडी माती, शेणखत, गांडूळखत यातले काहीही नको. अर्धे लांब तंतूंचे स्फॅग्नम शेवाळ आणि अर्धे परलाइट (भाजून फुलवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) हे सर्वांत बिनधोक मिश्रण. स्फॅग्नम महाग पडते, म्हणून नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोन भाग, परलाइट एक भाग आणि लाकडी कोळशाचा चुरा अर्धा भाग असेही चालते. पण खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणात आणि काथ्यात मीठ असते. तुकडे पावसाच्या पाण्यात २४ तास भिजवा, पाणी ओता, पुन्हा भिजवा. निथळलेल्या पाण्याचा टीडीएस घातलेल्या पाण्यापेक्षा ३०-४० पीपीएमहून जास्त उरणार नाही तोवर हे करत राहा, बहुधा चार वेळा लागते. याच कंटाळ्यापायी कोकणात बऱ्याच घटपर्णी मरतात.

कुंडी प्लास्टिकची, तळाला आणि बाजूंना भोके असलेली. कुंडी बदलण्याचे काम जूनसाठी ठेवा, आत्ता मुळे कुजत असतील तरच हात लावा. घटपर्णीची निरोगी मुळेही काळी आणि केसासारखी बारीक असतात. काळी दिसली म्हणून छाटू नका. दाबल्यावर मऊ लागली आणि वास आला तरच ती कुजकी.

कोणती जात

सुरुवातीला व्हेंट्राटा किंवा मिरांडा हे संकर घ्यावेत. चुका सोसतात. किनाऱ्यावर रॅफ्लेसियाना, अँप्युलारिया, मिराबिलिस, ग्रॅसिलिस चांगल्या येतात. राजा, लोवी, हमाटा, व्हिलोसा या उंच डोंगरांवरच्या जाती आहेत. त्यांना रात्री १० ते १५ अंश तापमान लागते आणि चित्र पाहून त्या मागवू नयेत. इथल्या उकाड्यात त्या वर्षभर कणाकणाने झिजतात, ते पाहवत नाही.

भारताची स्वतःची एकच घटपर्णी, नेपेंथेस खासियाना, मेघालयातल्या गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांची. ती साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार परवान्याशिवाय तिची लागवड किंवा विक्री करता येत नाही. कोणी स्वस्तात देऊ केली तर ती जंगलातून उपटलेली असण्याची शक्यता मोठी. घेऊ नका. तसेच सड्यावरचे दवबिंदूही खणून आणू नका, कुंडीत ते बहुधा टिकत नाहीत आणि सडा मात्र उघडा पडतो.

खाऊ, कीड आणि कुरियरने आलेले रोप

खिडकीत ठेवलेले झाड आपले आपण मुंग्या पकडते, महिन्याला दोन-तीन घटांत शिकार दिसली तरी पुरे. बंद पेटीतल्या रोपाला महिन्यातून एकदा एका घटात मेलेली मुंगी किंवा बारीक झुरळ टाका. घटाच्या एक तृतीयांशाहून मोठा कीटक नको, पचण्याआधी सडतो आणि घट वरून खाली तपकिरी होत जातो. मटण, दूध, पनीर अजिबात नाही. कीटक टाकणे नको वाटत असेल तर १९:१९:१९ विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन ते पाणी एखाद्या घटात थोडेसे घालावे, माध्यमात नव्हे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारीत लाल कोळी आणि फुलकिडे येतात, वर्षभर पिठ्या ढेकूण आणि खवले कीड. घटांच्या मधाला आलेल्या मुंग्याच पिठ्याला सांभाळतात, तेव्हा मुंग्यांची रांग दिसली की पानांच्या बगला तपासा. थोडी कीड असेल तर कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पुसून काढा. लाल कोळी सोडून दुसरी कीड पसरली असेल तर आंब्याच्या तुडतुड्यांसाठी वापरतात ते १७.८ टक्के इमिडाक्लोप्रिड लिटरला ०.३ मिली, झाड अंगणात नेऊन, हातमोजे घालून, संध्याकाळी. साबण आणि कडुनिंबाचे तेल टाळा, घटपर्णीची पाने त्याने भाजू शकतात.

कुरियरने आलेल्या रोपाचे जुने घट आठवड्याभरात वाळतातच. घाबरू नका आणि पाने छाटू नका. घट सांडून रिकामे झाले असतील तर त्यांत तळाला एक तृतीयांशापर्यंत पावसाचे पाणी घाला. न उघडलेल्या कळीला टोचून पाणी भरू नका. रोप पारदर्शक पिशवीत, सावलीच्या उजेडात ठेवा. पहिला आठवडा पिशवी बंद, दुसऱ्या आठवड्यात दोन कोपरे कापून, तिसऱ्यात तोंड उघडे, चौथ्यात पिशवी काढून. त्याची खरी प्रकृती कळते ती इथे आल्यानंतर फुटलेल्या तिसऱ्या पानावर. त्या पानाला घट धरला नाही तर आधी उजेड मोजा, मग सकाळी दहाची आर्द्रता.